पट्टीच्या शेंड्यावर मार्च

प्लोव्दिव शहरातल्या त्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत एक पट्टी नाचत होती. अॅल्युमिनियमची, हातभर लांब, बोटभर रुंद आणि अंगानं इतकी पातळ की फुंकर मारली तरी लाजावी. तिचं एक टोक शिकंज्यात घट्ट आवळलेलं होतं, दुसरं मोकळं. खालचं यंत्र तिला दिवस पाहत नव्हतं, रात्र पाहत नव्हतं, नुसतं झुलवत होतं. वर, खाली, वर, खाली. माहेरी आलेल्या लेकीनं झोपाळ्यावरून उतरायचंच नाही असं ठरवावं, तशी ती झुलत होती.

रालित्सा कोएवा सकाळी आली की आधी पट्टीपाशी जायची, मग कोट काढायची.

"दमलीस का गं?" असं विचारायची आणि पडद्यावरच्या आकड्याकडे बघायची. उत्तर तो आकडा द्यायचा.

वाकणाऱ्या प्रत्येक वस्तूचा आपला एक ठेका असतो. वेळूचा असतो, पुलाचा असतो, ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाच्या, लांबलचक पंखाचाही असतो. तिला तिच्या ठेक्यावर झुलवलं की ती मन लावून झुलते. पण धातू झुलून झुलून दमतो. बाहेरून पाहावं तर तीच चकाकी, तोच ताठा. आत बुंध्याशी मात्र केसाएवढी चीर धरलेली. चीर धरली की अंग ढिलं पडतं आणि ठेका मंदावतो. हळूहळू, मग भराभर, मग एकदाच कट्‌.

ती चीर केव्हा धरणार हे आधीच सांगायचं, एवढ्यासाठी रालित्सानं आपली सगळी तरुण वर्षं ओतली होती. तिनं एक गणिती मॉडेल रचलं होतं. वाकत्या, लवचीक वस्तूचं अंग कसं डुलतं, कुठे ताण साठतो, कधी थकवा चढतो, ते सगळं त्यात होतं. मॉडेल म्हणत होतं, ही पट्टी एप्रिलच्या शेवटी दमेल. त्याच्या आत नाही. ते खरं ठरलं तर तिचा प्रबंध पुढे सरकणार होता आणि पुढेमागे ग्लायडर बनवणाऱ्यांना पंख कधी बदलायचा हे पंख मोडायच्या आत कळणार होतं. खोटं ठरलं तर मार्चअखेरीस राजधानी सोफियाहून येणारी समिती तिच्या कागदांना दोरी बांधून तिच्याच हातात देणार होती.

मार्गदर्शक प्रोफेसर ओग्न्यान द्राझेव. उंच, कृश, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. ते सगळ्यांना "कोलेगा", म्हणजे सहकारी, म्हणायचे, अगदी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा, आणि सगळ्यांना अहोजाहो करायचे. त्यांनी कोणाचं कौतुक केल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. रालित्साचं मॉडेल पहिल्यांदा वाचून झाल्यावर ते एवढंच म्हणाले होते की पानांचे आकडे खाली छापतात, वर नाही.

आणि प्रयोगशाळेच्याच एका कोपऱ्यात लेथवर उभी असायची झ्लात्का. तिला सगळे लेल्या म्हणत, म्हणजे मावशी. लेल्या झ्लात्का लोखंड कापायची आणि हवेवर बोलायची, दोन्ही एकाच आवाजात.

त्या वर्षी मार्ता आजीचं डोकं फिरलेलं होतं. मार्च म्हणजे मार्ता आजी. ती हसली की ऊन, रुसली की वारा. या खेपेला ती रुसूनच उगवली होती. जर्दाळूनं कळ्या मुठीत आवळून धरल्या होत्या, आलुबुखारानं तर तोंडच दाखवलं नव्हतं. पण एक मार्च तो एक मार्च. त्या सकाळी सगळ्या गावाच्या मनगटावर, छातीवर, गळ्यात लाल-पांढऱ्या धाग्याची मार्तेनित्सा चढली. करकोचा दिसेपर्यंत किंवा झाड फुलेपर्यंत ती उतरवायची नाही. माणसांनी बांधून घेतल्या, मग उत्साहाला ऊत आला आणि कुत्र्यांना बांधल्या, गेटला बांधल्या, ट्रॉलीबसच्या आरशाला बांधल्या. लेल्या झ्लात्कानं लेथला बांधली, कॉफीच्या यंत्राला बांधली, आग विझवायच्या नळकांड्याला बांधली आणि प्रयोगशाळेच्या मांजरीला बांधताना एक ओरखडा घेतला.

रालित्साच्या टेबलावर एक मार्तेनित्सा ठेवलेली होती. दुकानातली नव्हे, हातची. लोकरीचा एक बाहुला, एक बाहुली, मध्ये टपोरा निळा मणी. नाव नाही, गाव नाही. लेल्याचंच काम, असं म्हणून तिनं ती मनगटावर बांधली आणि गुणगुणत पट्टीपाशी गेली.

आकडा घसरला होता.

थोडासाच, पण घसरला होता. काल जो ठेका होता तो आज नव्हता. एप्रिल कुठे, आज कुठे. मॉडेल म्हणत होतं पोरगी ठणठणीत आहे आणि पोरगी तर पहिल्या मार्चलाच दमून बसली होती.

प्रोफेसर आले, आकडा पाहिला, वरचं बटण चाचपलं. "पट्टीला तुमचं मॉडेल वाचता येत नाही, कोलेगा," ते म्हणाले. "तिला जे करायचं ते ती करते. शिकंजा तपासा."

शिकंजा तपासला. ढिला नव्हता. पुन्हा आवळला. आकडा तोच. मग तिनं यंत्र थांबवलं आणि बुंध्याशी चीर शोधायला बसली. चीर शोधायची रीत अशी: आधी लाल रंग फासायचा, तो चिरेत मुरू द्यायचा, वरचा पुसून टाकायचा आणि पांढरी पूड फवारायची. चीर असेल तर आत मुरलेला लाल पांढऱ्यावर उमटतो. बारीक, सुबक, कुंकवाची रेघ ओढल्यासारखा.

पट्टीच्या शेंड्याला, भोकातून ओवलेली, एक मार्तेनित्सा लोंबत होती. बाहुला, बाहुली, निळा मणी. रालित्सानं ती दोन बोटांनी अलगद वर उचलून धरली, तिच्यावर रंगाचा थेंब उडू नये म्हणून. वर "सरका गं जरा" असंही म्हणाली. मग बुंध्यावर लाल फासला, पुसला, पांढरं फवारलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

पांढरंशुभ्र. एक रेघ नाही.

असं तिनं पुढच्या आठवड्यात पुन्हा केलं, आणि पुन्हा. दर वेळी बाहुल्यांना बाजूला सरकवायचं, लाल, पांढरं, भिंग, आणि काहीच नाही. चीर नाही, पण ठेका मंदावलेला. आणि आणखी एक नवल. खरी चीर असती तर आकडा रोज घसरला असता. हा एकदा घसरला आणि तिथेच बसला, पायरीवर फतकल मारून बसलेल्या हट्टी पोरासारखा. उठायला तयार नाही.

रालित्सानं मॉडेल उलटंपालटं केलं. धातूचा कस बदलून पाहिला, तापमान घालून पाहिलं, हवेचा विरोध घालून पाहिला. झोप उडाली, जेवणाची चव गेली. यंत्र सुरू असताना पट्टीच्या शेंड्याशी एक गुलाबी धुकं थरथरायचं. ते तिला दिसायचं, सगळ्यांना दिसायचं. पण मार्च होता. मार्चमध्ये जगातल्या प्रत्येक गोष्टीला काही ना काही लाल-पांढरं लोंबत असतं. त्याच्याकडे कोण बघतं?

समिती सोमवारी यायची होती. शुक्रवारी प्रोफेसर म्हणाले की सोमवारी समितीला जे आहे ते सांगावं लागेल: मॉडेल जुळत नाही. ते हे खिडकीकडे बघत बोलले.

शनिवारी लेल्या झ्लात्का रालित्साच्या दारात उभी राहिली. तिचं घर जवळच्या बेलोझेम गावात होतं आणि तिनं बानित्सा भाजायला टाकलेली होती. चीजची, पापुद्र्यापापुद्र्याची. रालित्सानं नको म्हटलं. लेल्या म्हणाली, पोरी, तुझा चेहरा लेथवरून काढलेल्या भुग्यासारखा झालाय, गाडीत बस. मग ती बसली. लेल्याची जुनी लाडा वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला हळी देत निघाली आणि चालवता चालवता लेल्या लहान मुलांचं गाणं गुणगुणत होती:

मार्ता आजी, ऊन दे गं, ऊन ओटीभर,
करकोच्याला वाट दे गं, धागा देऊ झाडावर.

आजीनं ऐकलं असावं. मारित्सा नदी ओलांडली तसा वारा पडला आणि ढगाच्या फटीतून ऊन आलं, नुकतंच धुऊन वाळत घातल्यासारखं.

बेलोझेममध्ये विजेच्या खांबाखांबावर करकोच्यांची घरटी. अजून सगळी रिकामी. रालित्सा अंगणात बाकावर बसली होती, मांडीवर बानित्साची ताटली, डोळे कुठेच नाहीत. समोरच्या कौलारू घरावर एक जुना टीव्हीचा अँटेना होता. केव्हाचा निकामी, पण वाऱ्याच्या झुळकीनं अजून थुरथुरायचा, बारीक, चटपटीत.

आणि तो आला. आफ्रिकेहून, समुद्रावरून, लाल चोच, लाल पाय, पांढरं अंग, पंखाला काळी किनार. घरट्यावर बसायचं सोडून पठ्ठ्या नेमका त्या अँटेनावर उतरला. अँटेना वाकला, कुरकुरला आणि डुलू लागला. आता थुरथुर नव्हती. आता तो सावकाश, जडशीळ डुलत होता, दिवस भरलेल्या बाईनं अंगण ओलांडावं तसा. करकोच्यानं चोच वाजवली, टकटकटक, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, जागा पसंत पडली नाही म्हणून उडाला. अँटेना पुन्हा थुरथुरू लागला. बारीक, चटपटीत.

रालित्साचा घास तोंडातच राहिला.

अँटेनाला चीर पडली नव्हती. अँटेनावर कोणीतरी बसलं होतं.

"दिसला गं, पहिला करकोचा दिसला," लेल्या आतून पळत येत म्हणाली. "काढ ती मार्तेनित्सा, मनातलं माग, बांध झाडाला."

रालित्सानं मनगटाची गाठ सोडली. तळहातावर बाहुला, बाहुली, निळा मणी. तिनं हात वरखाली केला. पुन्हा केला. वजन होतं. जास्त नाही, एखाद्या चिमणीच्या पिलाएवढं, पण होतं. आणि तिला दिसलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरंच दिसलं, की आपण दर आठवड्याला दोन बोटांनी काय उचलून बाजूला धरत होतो.

मग ती हसायला लागली. ताटली उलटी झाली, बानित्सा अंगणात गेली, कोंबड्यांची दिवाळी झाली. लेल्याला वाटलं पोरगी हातची गेली. रालित्सा हसत हसत एवढंच विचारत होती की पट्टीच्या शेंड्याला मार्तेनित्सा तू का बांधलीस, आणि लेल्या शपथेवर सांगत होती की मांजरीनं ओरबाडल्यावर तिनं आणखी कशाला काही बांधलंच नव्हतं. तिला तर वाटत होतं ती रालित्सानंच बांधलीय.

लाडा परत निघाली. येताना खड्ड्यांना हळी देत आली होती, आता खड्ड्यांवरून उडत होती.

प्रोफेसर शनिवारीही प्रयोगशाळेत असायचे. रालित्सा वादळासारखी आत शिरली, त्यांना काही न सांगता रसायनवाल्यांच्या खोलीतून सोनाराच्या तराजूसारखा वजनकाटा उचलून आणला, आपली मार्तेनित्सा त्यावर ठेवली, आकडा पाहिला आणि संगणकापुढे बसली. मॉडेलमधल्या पट्टीच्या शेंड्यावर तिनं तेवढंच वजन ठेवलं. ठेका मंदावला. जवळ आला, अगदी जवळ आला, पण जुळला नाही. केसभर अंतर राहिलं.

"मण्यासारखं ठेवलं मी त्यांना," ती स्वतःशीच पुटपुटली. "गप्प बसवून ठेवलं. पण त्या तर नाचताहेत."

मग तिनं मॉडेलमध्ये बाहुल्यांना मोकळं सोडलं. लोकरीचे पाय सैल, हात सैल, मणी दोऱ्यावर लोंबता. पट्टी वर जाताना बाहुल्या मागे राहणार, पट्टी खाली येताना बाहुल्या वरच रेंगाळणार. ती समीकरणं लिहीत होती आणि खांदे आपोआप हलत होते. लेल्या मागे उभी राहून खांदे हलवत होती, का ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आकडा आला. पट्टीच्या आकड्याशेजारी ठेवला. दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत तोच.

रालित्सानं खुर्चीतच एक गिरकी घेतली. मॉडेल खोटं नव्हतं. पट्टी दमली नव्हती. तिच्या खांद्यावर दोघं बसली होती, एवढंच. मग तिनं प्रोफेसरांकडे वळून पाहिलं. ते पट्टीपाशी उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते, जास्वंदीसारखे.

"माझी आई बनवते त्या," ते म्हणाले. "वर डोंगरात असते ती, रोदोपीमध्ये. तिला मी सांगितलं होतं, माझ्याकडे दोघी जणी आहेत आणि दोघींनी टिकायला हवं. तिनं दोन जोड्या पाठवल्या." त्यांनी शेंड्यावरच्या बाहुल्यांकडे बोट दाखवलं. "मी सकाळी लवकर आलो होतो. यंत्र थांबवलं, ही बांधली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. एवढ्याशा लोकरीनं काय होणार, असं वाटलं. हे मला वाटायला नको होतं, कोलेगा. मला तर मुळीच नको होतं."

ज्या माणसानं पानांच्या आकड्यांपलीकडे कधी चांगला शब्द काढला नव्हता, त्यानं आईला सांगितलं होतं, दोघी जणी आहेत. एक पट्टी आणि एक ती. रालित्सानं विचारलं की मग आता ती काढायची ना, म्हणजे आकडा वर येईल आणि सोमवारी समितीला दाखवता येईल.

प्रोफेसरांनी बटण चाचपलं. खिडकीकडे पाहिलं. आभाळ पुन्हा राखाडी झालं होतं.

"मी अजून करकोचा पाहिलेला नाही," ते म्हणाले.

लेल्या झ्लात्का इतकी हसली की तिला लेथला धरून उभं राहावं लागलं.

सोमवारी समिती आली. अध्यक्षा होत्या सोफियाच्या प्रोफेसर बोगोएवा. चष्मा नाकाच्या टोकावर, नजर चष्म्याच्या वरून. त्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि ते शेंड्यावरचं गुलाबी काय थरथरतंय, असं विचारलं. रालित्सानं सगळं सांगितलं: लाल, पांढरं, अँटेना, वजनकाटा. सांगताना तिला हसू येत होतं आणि ती ते गिळत होती. बोगोएवा बाईंनी ऐकून घेतलं. मग रोकडं बोलल्या: चूक सापडल्यावर चुकीला जुळेल असं मॉडेल कोणीही करतं, बाहुल्या आत्ता काढून दाखवा.

प्रोफेसर द्राझेव उभे राहिले. आयुष्यभर अचूकपणावर व्याख्यानं दिलेल्या त्या माणसाचे कान पुन्हा लाल झाले. त्यांनी सांगितलं की ती मार्तेनित्सा त्यांनीच बांधली, आणि त्यांना करकोचा दिसलेला नाही.

बोगोएवा बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आपल्या बाहीतून डोकावणाऱ्या लाल-पांढऱ्या धाग्याकडे पाहिलं. समितीतल्या बाकीच्या दोघांनीही आपापली मनगटं हळूच टेबलाखाली नेली.

"मलाही नाही दिसला," बाई म्हणाल्या. "राहू द्या तिला. पण मग सौदा असा: बाहुल्या मांडीवर घेऊन ही पट्टी कधी दमणार, ते मुली, तू आज सांगायचंस. चीर त्या आठवड्यात आली तर प्रबंध पुढे. नाही आली तर नाही."

ओझं वाढलं म्हणजे थकवाही आधी येणार. रालित्सा संगणकाशी बसली, बाहुल्यांना पुन्हा नाचवलं आणि पट्टीच्या आयुष्याचा हिशेब नव्यानं मांडला. एप्रिलचा शेवट सरकून एप्रिलचा मध्य आला. तिनं तो आठवडा फळ्यावर खडूनं लिहिला आणि लेल्यानं खाली एक करकोचा काढला. तो बदकासारखा दिसत होता.

मग वाट पाहणं आलं. गंमत अशी की धातूच्या आरोग्यासाठी झटणारी ती सगळी माणसं आता त्याच्या आजारपणाची वाट पाहत होती. सकाळी लेल्या यायची आणि विचारायची, आहे का काही सर्दी-खोकला? पट्टी ठणठणीत. फळ्यावरचा आठवडा उजाडला. सोमवार कोरडा गेला. मंगळवारी आकडा शेवटच्या घरात किंचित हलला. बुधवारी आणखी. या खेपेला तो पायरीवर बसला नाही. तो जिना उतरत होता, एकेक पाऊल, खऱ्या दमलेल्या माणसासारखा.

गुरुवारी तिनं यंत्र थांबवलं. बाहुल्यांना दोन बोटांनी बाजूला धरलं. लाल फासलं, पुसलं, पांढरं फवारलं. प्रोफेसर एका बाजूनं वाकले, लेल्या दुसऱ्या. तिघांची डोकी एकमेकांना लागली.

पांढऱ्यावर आधी काही नव्हतं. मग बुंध्याशी, मॉडेलनं बोट ठेवलं होतं तिथेच, लाल उमटत गेलं. केसाएवढी रेघ, इकडून तिकडे, मार्तेनित्सातला एखादा धागा सुटून तिथे जाऊन निजल्यासारखी.

मग काय झालं ते सांगणं कठीण आहे. लेल्यानं रालित्साला धरलं आणि दोघी हातात हात घेऊन होरोचा फेर नाचू लागल्या, लेथभोवती, कॉफीच्या यंत्राभोवती, मांजर टेबलाखाली पळाली. बोझाची, म्हणजे आंबवलेल्या धान्याच्या गोड पेयाची, बाटली उघडली, अर्धी पेल्यात, अर्धी फरशीवर. शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले की कोणाचं लग्न ठरलं. त्यांना सांगण्यात आलं की चीर पडली, आणि तेही नाचू लागले. बोगोएवा बाईंना फोन लावला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की कागद पाठव आणि पानांचे आकडे खाली छाप.

गोंधळ ओसरला तेव्हा प्रोफेसर कुठे दिसेनात. ते अंगणात होते. भिंतीलगतचं चेरीचं झाड रातोरात फुललं होतं, आणि ज्या माणसाला करकोचा काही केल्या दिसला नव्हता, त्याच्या डोक्यावर पाकळ्या पडत होत्या. त्यांच्या हातात पट्टीवरून सोडवलेली जोडी होती.

"राली," त्यांनी हाक मारली. कोलेगा नाही, अहोजाहो नाही. "ये, तुझीही आण. एकदमच बांधू."

तिची मार्तेनित्सा खिशातच होती. वजनकाट्यावरून उतरवल्यापासून झाडाला बांधायचं तिच्या डोक्यातूनच गेलं होतं. दोघांनी आपापल्या जोड्या एकाच फांदीच्या शेंड्याला बांधल्या. फांदी किंचित लवली, झुळूक आली, आणि ती डुलू लागली. सावकाश, फुलांनी आणि बाहुल्यांनी जड झालेली.

रालित्साचे ओठ हलत होते.

"मोजू नकोस," प्रोफेसर म्हणाले.

"नाही मोजत," ती म्हणाली, आणि मोजत राहिली.